मोजा

सुगतनं पिशवीतून काढला तेव्हा
अप्पा म्हणाले, "ह्यो काय, पायमोजा?"
तारेच्या कड्याला शिवलेलं लांबट कापड,
टोकाला निमुळतं, तळाशी तपकिरी.
"कॉफी गाळायचाय," सुगत म्हणाला,
"बँकॉकच्या एका आजीनं दिला.
सहा दिवस माझ्या बसमध्ये होती.
वेरूळ, अजिंठा, पितळखोरा,
दर पायरीला गुडघ्यावर हात,
आणि दर संध्याकाळी हॉटेलच्या गच्चीवर
मला हीच पाजायची."
"भाषा?"
"बोटं.
चार बोटं कॉफी, दोन बोटं दूध,
बाकी सगळा बर्फ."

बर्फ.
परभणीत, मे महिन्यात.
नळ नवव्या दिवशी आलेला.
आधी पिंप भरलं, मग घागरी, कळश्या,
शेवटी पोराच्या डब्याचं झाकणसुद्धा,
आणि हा म्हणतोय बाकी सगळा बर्फ.
तीन वाट्या आमच्या फ्रीजात,
दोन नुसरतआपांच्या.
रात्री लाईट दोनदा गेली.
उठून उठून बोटानं दाबून पाहिलं,
बाळाच्या टाळूसारखा
मधे मऊ.

कॉफीचा डबा दुकानदारानं
पुसून दिला, इतका जुना.
वेलदोडे मी ठेचले, सालासकट.
दुधाचा डबा खिळ्यानं दोन ठिकाणी फोडला.
दूध कसलं,
काकवीच्या चालीनं उतरत होतं.

अडलं काचेपाशी.
घरातले ग्लास सगळे स्टीलचे,
आहेरात आलेले, नावं घातलेले.
"ह्यात दिसणार नाही," सुगत म्हणाला.
दिसणं म्हणजे निम्मी कॉफी, म्हणे.
मग लोणच्याच्या तीन बरण्या रिकाम्या केल्या.
राखेनं घासल्या, लिंबानं घासल्या,
पाणी वाटीनं मोजून.
तरी मेथीचा वास तळाला बसून राहिला
घरजावयासारखा.

खाली दूध. वर बर्फ. त्यावरून काळी धार.
बर्फाच्या गल्ल्यागल्ल्यांतून ती उतरली
आणि दुधापाशी येऊन थांबली,
चप्पल काढावी की नाही
अशा पाहुण्यासारखी.
"जगात जर्मनी, भारतात परभणी,"
मी म्हटलं, "आन् मधल्यामधी आज थायलंड."
कुणी हसलं नाही.
सगळे बरणीकडे बघत होते.

"आता ढवळायचं."
अप्पांनी ढवळलं नाही.
एसटीच्या वर्कशॉपात छत्तीस वर्षं काढलेला माणूस,
त्यांनी बरणी उजेडाला धरली,
सगळीकडून फिरवून पाहिली,
आणि वरचं वरचं प्यायले.
तोंड वाकडं.
परत प्यायले.
"अप्पा, ढवळा की."
"उगी बस.
गोड कुठं पळून चाललंय? खालीच हाय."

पाऊण तास लागला त्यांना.
शेवटी बोटानं तळ पुसून घेतला.
"मेथी चांगली लागायली," म्हणाले.
मग बराच वेळानं,
"ती बाई?"
"गेली. विमानतळावर हे हातात ठेवलं,
काहीतरी बोलली. कळलं नाही."
"मंग तू काय म्हनलास?"
"हाव म्हनलो."

उरलेला बर्फ फेकायचा कुणाच्या जिवावर?
चिमण्यांच्या परळात ठेवला.
एक साळुंकी आली, चोच लावली,
दचकून मागं सरली,
इकडंतिकडं पाहून परत आली.

सुगत रात्रीच्या गाडीनं गेला.
मोजा विसरला की ठेवला, माहीत नाही.
दोरीवर पोराच्या शाळेच्या मोज्यांशेजारी
वाळत होता.

सकाळी उठून पाहते तर
स्वयंपाकघरात अप्पा,
एका हातात कडं, एका हातात पातेलं,
चहा गाळायलेत.
घरभर जळका, गोडसर,
वेलदोड्याचा वास.
"काय करायलात अप्पा?"
त्यांनी उलट मलाच विचारलं,
"नळ कधी येनार हाय?"
"मंगळवारी."
"मंग बुधवारी," ते म्हणाले,
"लोणचं काढून ठेव."