हे मिनिट धरू नये

मोजायला बसण्याआधी
अर्धा तास नुसतं अंधारात बसावं लागे.
दिवा नाही, काडी नाही,
दाराच्या फटीतसुद्धा काळी लोकर कोंबलेली.
डोळे सरावले की मग लिओपोल्डीना आत्या
सूक्ष्मदर्शकाला पापणी टेकवायची.
समोर नखाएवढा पडदा, जस्ताच्या भुकटीचा.
त्यावर एक कण येऊन आदळायचा
आणि विझताना एवढंच सांगायचा : होतो.

ती बोटाखालची कळ दाबायची.
एक.
मग कितीतरी वेळ काही नाही.
मग दोन, इतके लगोलग
की दुसरा खरा की डोळ्यांचा खेळ
हे ठरवेपर्यंत तिसरा.

ग्रात्समधलं ते तळघर.
प्राध्यापक वर, शेगडीजवळ, समीकरणांत.
खाली ही, डोळ्यांत तेल घालून,
बटणं विकणाऱ्या व्राबेत्सची थोरली.
शिंपला, शिंग, पितळ, काच
काळोखात नुसत्या बोटांनी निवडायला
आजोबांनीच शिकवलेलं तिला,
रॉकेल वाचावं म्हणून.

एका हिवाळ्यात एकवीस हजार ठिणग्या.
निबंध छापून आला. शेवटी, आभारांत,
बारीक टाइपात : श्री. लिओपोल्ड व्राबेत्स.
आत्या म्हणाली, आकडे तरी बरोबर छापलेत.

तिची वही मी पाहिलीय.
रकाने सरळ, शाई तपकिरी,
आणि मधेच कुठेतरी समासात :
‘डोळे थकले. हे मिनिट धरू नये.’
असं बारा ठिकाणी.
उरलेल्या सगळ्या पानांवर
तिच्या शब्दावर विसंबून उभा आहे
अणूचा आतला भाग.

पुढे यंत्र आलं. टक, टक, टक.
त्याला झोप नाही, सर्दी नाही, घरी आजारी आई नाही.
सुटलीस बाई, म्हणाले सगळे.
ती म्हणाली, मोजतं छान,
पण त्याला शंका येत नाही.

आता वही शिशाच्या पेटीत असते.
तेच यंत्र जवळ नेलं
की पानं अजून बोलतात.
तिची बोटं लागलेला कोपरा
जरा जास्तच.

शेवटच्या वर्षी दोन्ही डोळे गेले होते.
मी रात्री दूध घेऊन गेले
तर खिडकीकडे तोंड करून बसलेली,
आणि अंगठा
खुर्चीच्या हातावर हलत होता.
काय दिसतंय आत्या, विचारलं.
दचकली. हात पदराखाली लपवावा तसा
शालीत ओढून घेतला.
काही नाही गं, म्हणाली,
हे धरू नकोस.