मूलपेशी

फॉर्मवर सही घेण्याआधी
डॉक्टर तरन्नुम कादरींनी तीनदा सांगितलं,
हा इलाज नाही, संशोधन आहे.
यातून तुम्हाला मूल होणार नाही.
मी म्हटलं, कळलं.
पद्मिणनं विचारलं,
मग नावातच मूल कामून घातलंय?

मॅडम हसल्या. ते मूळ या अर्थानं, म्हणाल्या.
ल आणि ळ, एवढंच अंतर,
आणि आम्ही अकरा वर्षं तेवढ्यातच राहत होतो,
गंगाखेडात, भाड्यानं.

गालगुंड झालं तेव्हा मी तेराचा.
कुंभाराच्या घरून गेरूचा लेप आला,
गाल उतरला.
खालची सूज मी कुणाला सांगितली नाही.
पुढं गल्लीनं पद्मिणला जे नाव ठेवलं
त्याचं पुल्लिंग कुणाला येत नव्हतं.
मलाही नाही.

रिपोर्टात शून्य होतं.
गोल, नीट, कॉम्प्युटरचं.
दोन महिने मी ते टपालाच्या पिशवीत फिरवलं,
लोकांच्या मनिऑर्डरी वेळेवर पोचवल्या,
हेच तेवढं घरी पोचेना.
एका रात्री ताटाशेजारी ठेवलं.
तिनं वाचलं. तव्यावर भाकर करपली.
म्हणाली, सोमवार सोडते मग.

आता माझ्यातला ज्वारीएवढा तुकडा
औरंगाबादेत, सिडकोत, तिसऱ्या मजल्यावर
बशीत आहे.
बाहेर त्रेचाळीस. पेटीत चौतीस;
याहून जास्त ऊन त्यांना सोसत नाही म्हणे.
लाइट गेली की इन्व्हर्टर आधी त्यांना,
पंखा नंतर.
मूलपेशीपासून बीज व्हायला चौऱ्याहत्तर दिवस.
म्हणजे उडीद, मी म्हटलं,
एवढ्या दिवसांत आमच्याकडं उडीद निघतो, कोरडवाहू.
मॅडमनी मान हलवली.
उंदरात जमलंय. माणसात अडतं.

परवा फोन आला:
सतरा सापडल्या, झोपलेल्या.
त्यातल्या एकीच्या दोन झाल्या,
मग थांबल्या.

पद्मिणनं काचेला डोळा लावला, बराच वेळ.
मागं रांग नव्हती, तरी मला सवयीनं घाई.
कशा आहेत?
"तुमच्यासारख्या. गप."
पुन्हा वाकली. मला ऐकू येऊ नये अशा आवाजात
त्या दोघींना म्हणाली,
"निजा गं. कुणी उठवत नाही."

माझ्याच पेशी, आणि स्त्रीलिंगी;
हे इतक्या वर्षांत ध्यानात आलं नव्हतं.

साडेपाचची गाडी
आम्ही खाली येईतो निघून गेली होती.