पांढऱ्या पार्श्वभूमीवर

कुताइसीत, रिओनी नदीच्या पुलापलीकडे
चौथ्या मजल्यावर माझा स्टुडिओ आहे.
म्हणजे एक खिडकी, इस्त्री केलेल्या दोन चादरी,
आणि उजेड परतवायला
फार्मसीतून आणलेलं थर्माकोलचं झाकण.

दिवसा मी गोळ्या मोजते, रात्री लिंबं कापते.
अर्धं लिंबू, पाव लिंबू,
थेंब सुटण्याच्या बेतात असलेलं लिंबू.
एका विक्रीला पंचवीस सेंट.
तीन महिन्यांत गॅसचं एक बिल निघालं
आणि उरलेली चहात पिळून पिळून
दात आंबले.

फोटोखाली शब्द भरावे लागतात, पन्नासपर्यंत.
पहिले सोपे : लिंबू, फळ, पिवळं, आंबट.
मग माणूस चाचपडू लागतो.
उन्हाळा. आरोग्य. सकाळ.
एकदा झोपेत ‘आशा’ लिहून गेले
तर खप वाढला. का, ते विचारू नका.

खालच्या मजल्यावरचे वारलाम,
ट्रकच्या कारखान्यात तीस वर्षं लेथवर उभे राहिलेले,
एकदा गॅसचं बिल घेऊन वर आले.
चष्मा सापडत नव्हता.
खिडकीशी कागद धरला, कपाळाला हात लावला,
आणि मी म्हणाले, हलू नका.

संमतीपत्रावर सही केली त्यांनी
न वाचता, ठसठशीत,
लग्नाच्या कागदावर केली असेल तशी.
मी शब्द भरले :
म्हातारा, चिंता, कर्ज, डोकेदुखी, एकटा.
वारलाम एकटे नाहीत.
दोन मुली आहेत, गच्चीवर कबुतरं आहेत,
संध्याकाळी नार्दीच्या पटावर
भांडायला तिघं येतात.
पण ‘एकटा’ खपतो.

चारशे बारा वेळा गेला तो फोटो.
डेन्मार्कच्या एका बँकेकडे, चिलीतल्या विमावाल्यांकडे,
एकदा घटस्फोटाच्या वकिलाकडे.
महिन्याच्या पहिल्या रविवारी
निम्मे पैसे मी खाली नेऊन देते.
ते मोजत नाहीत. पावाच्या डब्यात टाकतात.

मार्चमध्ये फार्मसीत नवा माल आला.
खोका फोडला,
तर आत चाळीस वारलाम,
ओळीने, कपाळाला हात लावून,
डोक्यावर अक्षरं : अर्धशिशीवर.

दुपारी ते रक्तदाबाची गोळी न्यायला आले.
डबी उचलून हातभर लांब धरली.
“बराच आजारी दिसतो बिचारा.
गुण आला का त्याला?”
रांगेतले सगळे हसले.
ते हसले नाहीत. डबी जागेवर ठेवली, नीट, इतरांच्या ओळीत.
“मेदेआला अर्धशिशी होती,” म्हणाले.
“दिवसचे दिवस पडदे ओढून बसायची.
तेव्हा ही गोळी कुठे होती?”
मग दारातून वळून,
“नाझिब्रोला, एक हसताना काढ.”

काढला. टोपीवर कबुतर बसलं होतं,
मागचा सोन्याचा दातसुद्धा आला.
फोकस कबुतरावर आहे म्हणून
दोनदा परत पाठवला त्यांनी, तिसऱ्यांदा घेतला.
आनंद, पेन्शन, दात, पक्षी लिहिलं.
‘आशा’पण घातली.
आठ महिने झाले. शून्य.

रविवारी जिन्यात विचारतात, “हसरा गेला का?”
“एक गेला,” मी म्हणते. “नॉर्वेला.”
आणि माझ्या पाकिटातलं
पन्नास तेत्रींचं नाणं त्यांच्या तळहातावर ठेवते.
ते मूठ मिटतात, जरा थांबतात.
“बरं झालं,” म्हणतात.
“तिकडे हिवाळा फार लांब असतो.”