पी.पी. कॉल

धंतोलीच्या बागेत सकाळचं फिरणं झालं की
बाकावर हाच विषय, दरवर्षी, ऑक्टोबर सरता सरता:
तुम्ही कुठे होता तेव्हा?

ढोबळे मोरभवनला, काटोलच्या गाडीत.
कंडक्टर चढला, कोणाशी न बोलता परत उतरला.
ठवकर मेडिकलच्या वॉर्डात, पाय प्लास्टरमध्ये,
नर्सचा ट्रान्झिस्टर उशाशी.
बसच्या सीटवर रुमाल टाकावा
तशी प्रत्येकानं त्या दिवसात आपापली जागा धरलेली,
चाळीस वर्षं झाली, कोणी उठायला तयार नाही.

आमचे हे सांगतात, मी बर्डीवर, रॉकेलच्या रांगेत.
नव्हते.
घरी होते, ताप होता,
कपाळावरची पट्टी बदलून मी ड्यूटीला निघाले होते.
पण रांग त्यांना आता इतकी स्वच्छ दिसते,
पुढच्या बाईच्या हातातला डबासुद्धा.

मग माझ्याकडे वळतात.
‘वहिनींना काय बावा, सगळ्यांच्या आधी कळलं असंल!’
हो. टेलिफोन एक्स्चेंज, ट्रंक बोर्ड, पोझिशन अकरा.
साडेदहाच्या सुमारास दिल्लीचे सगळे दिवे एकदम पेटले.
कॉर्ड घातली की कानात दिल्ली,
काढली की पंख्याची घरघर.
ऐकायचं नाही, असा नियम होता.
हेडफोन कानाला लावून ऐकायचं नाही.
एक माणूस दुसऱ्याला म्हणाला, रेडिओ लाव.
दुसरा म्हणाला, लावलाय, गाणी चालली आहेत.
शेजारच्या पोझिशनवर कुमुद चहांदे
पेन्सिल तोडून बसली, टोक काढायचं विसरली.
मागून मिसेस फ्रँकलिन: मुलींनो, हात चालवा.
संध्याकाळी सरकारनं सांगितलं तेव्हा
आम्हाला ते शिळं झालं होतं
आणि तरी आम्ही रडलो.

बाकावर एवढंच सांगते.
एवढ्यानं त्यांचं समाधान होतं.

दुसऱ्या दिवशी मी नाइटला होते.
दुसऱ्या दिवसाचं कोणी विचारत नाही.

वाडी नाक्यावरून बुकिंग. त्रिलोचन, ट्रान्सपोर्टवाला.
दिल्ली, जमनापार. पी.पी. कॉल,
बहिणीचं नाव जसबीर,
फोन शेजारच्या किराणा दुकानात, बोलावून आणावं लागेल.
नऊला ऑर्डिनरी केला.
अकराला म्हणाला, अर्जंट करा.
बाराला, लाइटनिंग.
आठपट पैसे लागतात, मी म्हटलं.
‘लगा दो बहनजी.’

घंटी जात राहिली.
मी बाकीचे दिवे तसेच जळू दिले.
मग कोणीतरी उचलला.

हॅलो नाही.
मागे पत्र्याच्या शटरवर काहीतरी आपटत होतं,
पुष्कळ माणसं होती,
आणि अगदी रिसीव्हरजवळ कोणीतरी हसलं,
कोवळा आवाज, मिसरूड न फुटलेला.
मग ठेवला.

वाडीची कॉर्ड मी अजून जोडली नव्हती.
जोडली.
‘उठाया किसी ने?’
घंटी जा रही है, मी म्हटलं, कोई उठा नहीं रहा।
‘दुकान बंद होगी,’ तो म्हणाला,
मला समजावल्यासारखं.
‘सुबह फिर लगाना, बहनजी. थँक्यू.’

तिकिटावर पेन्सिलनं लिहिलं: नो रिप्लाय.
वेळ, बारा चौदा.
सकाळी माझी ड्यूटी संपली होती.
लावला असेल कोणीतरी. दुसऱ्या पोझिशनवरून.
लावला असेलच.
त्या नंबराचे सहाही आकडे पाठ आहेत मला,
नातवाचा मोबाइल नाही.

‘निळा होता डबा,’ हे सांगतायत,
‘झाकणाला चिंधी बांधलेली. आठवते न तुले?
घरी येऊन मी सांगितलं होतं.’
ढोबळे माझ्याकडे बघतात.
हो, मी म्हणते,
निळाच.