चावी

एकतीस वर्षं मी पाणी सोडलं.
पहाटे चार दहाला, टेंभीपाड्याच्या वळणावर
झाकण उचलायचं, लोखंडी चावी उभी आत घालायची
आणि मोजून अठरा आटे.
अकराव्या आट्याला पाइप घसा खाकरायचा,
मग वर डोंगरावर हंडे वाजायला लागायचे.
कोणाला किती, किती वाजेपर्यंत,
माझ्या खांद्याला ठाऊक.
लोक शिव्या देत. दिवाळीला करंज्या.

पहिल्यांदा लाल दिसलं ते अशाच एका पहाटे,
भिंतीच्या आडोशाला, बॅटरीच्या उजेडात.
म्हटलं, काल बीट खाल्लं असेल.
बीट आमच्या घरात कोणी खात नाही.

परळला डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं:
आतली पिशवी काढायची,
आतड्याचा वीतभर तुकडा घ्यायचा,
दोन्ही नळ्या त्याला जोडायच्या,
तोंड पोटावर, उजवीकडे.
मी नीट पाहिलं. जोडकाम बरोबर होतं.
एकच विचारलं, "साहेब, वॉल्व कुठाय?"
"वॉल्व नाही, दत्ताराम. आता चोवीस तास."

चोवीस तास.
भांडुपात जे कुणाला मिळालं नाही
ते मला मिळालं.

सिस्टर ब्रिजितानं शिकवलेलं सगळं वहीत होतं.
चहाच्या आधी बदला, तेव्हा आतून कमी येतं.
गॉजची गुंडाळी तोंडाशी धरा.
अठ्ठावीस मिलिमीटरचं भोक, कात्रीनं, गोल.
जन्मभर गॅस्केटं कापली मी,
तरी पहिल्या चार चकत्या वाकड्या गेल्या.
औषधवाल्यानं पाचवी देताना माझ्याकडे पाहिलं नाही.

आणि ते. लाल, ओलं, मोठ्या बोराएवढं.
बोट लावलं तर त्याला काही कळत नाही.
मधूनच हलतं,
झोपेत कुणी ओठ हलवावेत तसं.

शेवंती बघायची नाही. मीही आरशावर टॉवेल टाकलेला.
पाणी सोडणारा माणूस
पाणी प्यायला घाबरू लागला.
भाचीच्या हळदीला दाराजवळची खुर्ची धरली,
सरबताचा ग्लास तसाच कुंडीत ओतला.

तिसऱ्या आठवड्यात, रात्री अडीचला, सुटलं.
चादर, गादी, तिच्या साडीचा काठ.
भिंतीकडे तोंड करून म्हणालो,
थोडे दिवस माहेरी जा.
"कुठल्या माहेरी? आई जाऊन बावीस वर्षं झाली.
उठा, त्या बाजूनं गादी धरा."
गादी गॅलरीत उभी केली, आणि मग तिनं
ट्यूबलाइटखाली मला उभं करून पाहिलं.
बराच वेळ.
"पुसू नका," म्हणाली, "टिपा."

आता रात्री खाटेखाली डबा, डब्यात लांब नळी.
कूस वळताना आधी नळी वळवायची,
मग आपण.
चार दहाला जाग येतेच.
खाली रज्जाकचा पोरगा झाकण ओढतो, घाईत, मोजत नाही.
चौदाव्यालाच सोडतो मेला.

परवा सिस्टरनं बोलावलं. वॉर्डात नवा माणूस,
बँकेतला, नखं स्वच्छ, उद्या ऑपरेशन.
किती दिवस, किती खर्च, विचारत राहिला,
आणि बायको चहा आणायला गेल्यावर, हळूच,
"भरली की कळतं कसं?"

रस्त्याखाली गळती असली
की आम्ही सळई डांबरावर टेकवून
वरच्या टोकाला कान लावायचो.
दिसत काही नाही. थंड लोखंडातून
कुणी कुजबुजल्यासारखं येतं.

त्याला हे नाही सांगितलं.
शर्ट वर केला, त्याचा हात धरला,
पिशवीवर ठेवला.
त्यानं हात काढून घेतला. मग परत ठेवला.
"गरम आहे," तो म्हणाला.
"आपलंच आहे. तिसरा हिस्सा भरली की रिकामी करायची.
खाली एवढासा नळ आहे, बघा,
अर्धा आटा. बोटानं."