पाठीमागे त्रेपन्न फूट

जोलिएटच्या गोदामात, एकेचाळीस नंबरच्या दारापाशी
पाच तास झाले, हिरवा दिवा लागत नाही.
आत कुणीतरी माझ्या ट्रेलरमधून
कुत्र्यांच्या खाण्याची पोती उतरवतंय, निवांत.
फोर्कलिफ्ट चढली की केबिन हलते,
थर्मासच्या झाकणातला चहा हलतो,
आणि डॅशबोर्डवरचं यंत्र मोजत राहतं :
चौदातले नऊ गेले.
त्याला सांगून उपयोग नाही की बाबा, मी नुसती बसलेय.
बसणं हेही कामच, असं त्याचं म्हणणं.
पगार देणाऱ्यांचं म्हणणं वेगळं :
मैल दाखवा, पैसे घ्या.

सकाळी फाटकावरच्या पोरानं विचारलं,
ड्रायव्हर कुठंय?
म्हटलं, तुझ्याशी बोलतेय.
त्यानं माझ्या खांद्यावरून मागच्या बिछान्याकडे पाहिलं,
तिथे कुणी पुरुष झोपला असेल म्हणून.
तिथे होती माझी गोधडी, मेतकुटाची बरणी
आणि वाळत टाकलेले मोजे.

डोरीननं शिकवलं मला. सहा आठवडे.
गुडघ्याला पट्टा, तोंडात दालचिनीची काडी.
म्हणायची, मागे घेताना चाक खालून धर, उल्का,
वरून धरशील तर डोकं फिरेल.
ट्रेलर डावीकडे हवा तर केबिन जाते उजवीकडे,
आधी उलटं, मग सुलटं,
आणि कळत नसेल तर उतर, मागे जाऊन बघ,
लाज कसली?
वीस वर्षं मी कोलंबसच्या दुकानात गल्ल्यावर बसले,
सुटे पैसे मोजले, कोथिंबिरीच्या जुड्या मोजल्या,
कुणी कधी सांगितलं नाही
उतर, मागे जाऊन बघ.
तरी एकटीच्या पहिल्या दिवशी
एक पिवळा खांब घातलाच आडवा.
फॉर्मवर कारण लिहायचं होतं.
मी लिहिलं, खांब दिसत होता.

हिरवा लागला तेव्हा साडेतीन तास उरलेले.
मिसिसिपी अंधारात ओलांडली. पुलाचा नुसता आवाज,
नदी होती असं नकाशा म्हणाला.
मग आयोवा, आणि बर्फाचा बारीक रवा काचेवर.
पहिला थांबा भरलेला. दुसरा भरलेला.
संध्याकाळी सातनंतर या देशात
ट्रकला टेकायला जागा मिळत नाही,
आणि थांबलं नाही तर गुन्हा.
लघवी दाबून धरलेली, तीही वेळेच्या हिशेबात नाही.
निहारचा मेसेज : आई, राऊटरचा पासवर्ड काय?
नंतर सांगते, असं मनात म्हटलं,
दोन्ही हात चाकावर.

तिसऱ्या थांब्यावर एक फट.
दोन ट्रकांच्या मध्ये, तीही आंधळ्या बाजूनं.
यंत्रावर अकरा मिनिटं.
एकदा. चुकलं.
दुसऱ्यांदा, शेजाऱ्याच्या आरशापासून वीतभर.
उतरले, मागे जाऊन बघितलं, चढले.
तेवढ्यात शेजारचा दार उघडून आला,
घरातल्या सपाता, डोक्यावर टॉवेल, हातात बॅटरी,
माझ्या वडिलांच्या वयाचा, चिडलेला.
शिव्या देईल वाटलं.
त्यानं फक्त बॅटरी फिरवली
थोडं… थोडं… अजून…
मग मूठ मिटली.
मी ब्रेक ओढला. दोन मिनिटं उरली होती.
काच खाली करेपर्यंत तो गेलासुद्धा,
त्याच्या सपातांचे ठसे बर्फात, एक पाय फरपटत.

आत, कॉफीच्या वासात, भिंतीवरचा स्पीकर म्हणाला,
ग्राहक क्रमांक एकशे बारा,
आपलं न्हाणीघर तयार आहे.
एकशे बारा मी नव्हते.
माझा नंबर एकशे एकोणतीस.
खुर्चीत बसले, पासवर्ड आठवत.