शाखा क्रमांक चारशे बारा

करार एकशे चाळीस पानांचा.
नाव आपलं नाही, कप आपला नाही,
दुधावर फेस किती बोटं, तेही त्यांनीच ठरवलेलं.
क्वालालंपूरला, मस्कतला आणि आता सात रस्त्याला
भिंतीला तोच एक करडा रंग.

मला जड गेलं नाही.
तीस वर्षं जॅकार्डवर काढलीत :
पुठ्ठ्याला भोकं पाडली की मोर येतो,
पहिल्या चादरीवर तसाच हजाराव्या.
मोराला कोण विचारतं?

अडलं ते पाण्यावर.
आमच्याकडे नळ पाचव्या दिवशी.
ऑडिटला आलेल्या मुलीनं घोट घेतला,
म्हणाली, दुडम सर, चव मस्कतसारखी नाही.
म्हटलं, बाई, टाकीही मस्कतसारखी नाही.
हसली.
दोन गुण कापलेच.

मशीन पुसायचे नॅपकिन कंपनीचेच हवेत,
बाहेरचे चालत नाहीत.
काल खोकं आलं दुबईच्या गोदामातून,
जहाजाचं भाडं, कर, वर त्यांचा टक्का.
घडी मोडली. किनार ओळखीची वाटली.
लेबल उलटं करून चष्म्याजवळ धरलं :
अक्कलकोट रोड, एमआयडीसी, सोलापूर.

म्हणजे बोमड्यालच्या शेडमधला माल.
माझे विकलेले चार माग तिथंच लागलेत,
आणि तिसऱ्याची खोड अजून गेलेली नाही,
काठापासून चार बोटांवर एक धागा सुटतो.

नखानं तो आत ढकलला,
रजिस्टर उघडलं, लिहिलं :
आयात माल. नग दोनशे.
दोष : नाही.